पाच पिढ्यांच्या भाषा एका तक्त्यात कशा मांडायच्या: सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरांसाठी, आणि तशाच इतर घरांसाठी

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "आपण इथं कधी आलो?" असं विचारू नका. "लई वर्षं झाली," एवढंच उत्तर येतं आणि विषय संपतो. "पहिल्यांदा चूल कुठं मांडली?" असं विचारा. मग खोलीचं भाडं निघतं, खोली कुणाच्या ओळखीनं मिळाली ते निघतं, भांडी कुणाकडून उसनी आणली ते निघतं, आणि त्या भांड्यांवरून पुढं दोन घरांत बोलणं कसं बंद झालं तेही निघतं.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली, पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातली. पणजोबांचं गाव तेलंगणातलं, करीमनगरकडचं. आजोबा मिलमध्ये, बापू पॉवरलूमवर. नानम्मा, म्हणजे वडिलांची आई, आणि अम्मा दोघी विड्या वळायच्या. मी पुण्यात एका कंपनीत हिशोब तपासते. माझ्या मुलीला तेलुगू समजतं, ती उत्तर मराठीत देते आणि शाळेचा सगळा कारभार इंग्रजीत करते. नात्यातल्या एका मुलाची जात पडताळणीची फाईल तयार करताना घरातले जुने कागद माझ्यापुढं आले. त्यानंतर कुणाच्या घरी कागद शोधायचे असले की मलाच फोन येतो. त्यातून ही पद्धत तयार झाली.

हाती काय येतं ते आधी सांगते: दोन पानी तक्ता, कागदांची एक फाईल आणि फोनमधली थोडी रेकॉर्डिंग. वंशावळ नव्हे. वंशावळीत कोण कुणाचा मुलगा हे कळतं. या तक्त्यात कोण कुठल्या भाषेत जगलं, कुठली भाषा कुठं अडली आणि ती अडचण कुणाच्या पैशानं सुटली, हे कळतं.

आमच्यात प्रगती मोजायची एक ठरलेली रीत आहे: आजोबा अंगठेबहाद्दर, वडील सातवी, मुलगा इंजिनिअर. हा जिना खोटा नाही. पण शाळेची फी कुणी भरली हे त्यात दिसत नाही, आणि शाळेचा फॉर्म कुणी भरला हेही दिसत नाही. या दोन प्रश्नांसाठीच एवढा खटाटोप.

आधी बायकांकडं जा

पुरुषांना विचारलंत तर मिलचं नाव, गावाचं नाव, कुठल्या संपात कुठला पुढारी होता, हे सगळं धडाधड मिळेल. घेऊन ठेवा, पण तिथं थांबू नका. मिल बंद होती तेव्हा घर कशावर चाललं, हे विचारलं की पुरुष मंडळी खिडकीबाहेर बघायला लागतात.

ते उत्तर विडीवाल्या बाईकडं असतं. कारखान्याच्या ब्रँचमधून पानं, तंबाखू आणि दोरा मोजून आणायचा, पानं भिजवायची, पत्र्याचा नमुना ठेवून कात्रीनं कापायची आणि हजाराच्या हिशोबानं विड्या वळून परत द्यायच्या. मजुरी हजारावर. ब्रँचमध्ये विड्या तपासल्या जायच्या आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे मिळत नसत. म्हणजे रोजच्या रोज मोजणी, रोजच्या रोज तंटा. या बायकांचा हिशोब पक्का असतो. माझ्या अत्तम्माला, म्हणजे आत्याला, लग्नाचं वर्ष आठवत नाही, पण त्या वर्षी हजाराला काय भाव होता ते तिनं लगेच सांगितलं. तो भाव कळला की वर्ष शोधता येतं.

बोलताना तिच्या हातांना काम असू द्या. विडी वळणं सुटलं असेल तर मेथी निवडायला द्या, लसूण सोलायला द्या. समोर फोन आडवा ठेवून "हं, सांगा आता" म्हटलं की चांगली बोलकी बाईसुद्धा आकाशवाणीवर आल्यासारखी बोलते.

आणि विचारायचं तिच्या भाषेत. तुम्हाला नीट येत नसेल तरी मोडकंतोडकं तेलुगू बोला. मराठीत विचारलं की आमच्या म्हाताऱ्या मराठीत उत्तर देतात, आणि त्यांचं मराठी हे रेशन दुकानाचं आणि दवाखान्याचं मराठी आहे. त्यात तक्रार सांगता येते, लहानपण सांगता येत नाही. "चिन्नप्पुडु", म्हणजे "लहानपणी", म्हणून सुरुवात केली की नानम्मा थेट गावच्या विहिरीवर पोचायची.

वर्ष आठवत नसेल तर

जन्मतारखेवर विश्वास ठेवू नका. जुन्या दाखल्यांवर अर्धा पूर्व भाग १ जूनला जन्मलेला आहे, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि मास्तरांना वय बसवायचं असायचं. माझे बापू, त्यांचा धाकटा भाऊ आणि शेजारचे दोघे, सगळे १ जूनचे.

त्याऐवजी गावानं एकत्र पाहिलेल्या गोष्टींचे खुंटे ठोका. सोलापूरसाठी माझी यादी अशी: १९३० चा मार्शल लॉ आणि जानेवारी १९३१ मध्ये चार हुतात्म्यांना झालेली फाशी; निजामाच्या राज्यातला रझाकारांचा काळ आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई, कारण तेव्हाही तिकडून माणसं आली; १९७२ चा दुष्काळ, ज्यात मिलोची लाल ज्वारी खाल्ली; ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, जो पहाटे सोलापूरलाही जाणवला. प्रत्येक खुंट्यापाशी एकच प्रश्न: "तेव्हा तू केवढी होतीस, आणि कडेवर कोण होतं?" कडेवरचं मूल आज जिवंत असतं, त्याच्या वयावरून बाकीचं जुळतं.

आमचे लोक का आले, याला एकच कारण देता येत नाही. निजामाच्या तेलंगणात हातमाग होते, पण गिरणीच्या कापडानं त्यांचं कंबरडं मोडलं होतं. इकडं १८६० मध्ये सोलापूरपर्यंत रेल्वे आली, १८७० च्या दशकात इथली पहिली कापड गिरणी उभी राहिली, आणि गिरण्यांच्या जोडीला हातमागाचे कारखाने होते, जिथं माग चालवता येणाऱ्याला काम मिळायचं. कुणी दुष्काळात आलं, कुणी सावकाराला चुकवून आलं, कुणी नुसतं बहिणीच्या मागोमाग आलं. तुमच्या घराचं कारण तुम्हीच विचारून घ्या. पुस्तकातलं कारण घराच्या तोंडात घालू नका.

तक्ता

आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यात जागा. "कुठली भाषा बोलता?" असा एकच रकाना केलात तर सगळीकडं "तेलुगू, मराठी" लिहाल आणि हाती काहीच लागणार नाही. माणूस एकाच दिवसात चार जागी चार भाषांत वावरतो. माझे रकाने हे:

घरात आईशी. घरात मुलांशी (हे दोन वेगळे ठेवा, बदल इथंच पकडता येतो). गल्लीत. कामावर. पैसे मोजताना. देवापुढं. वाचताना. सही करताना. आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा रकाना: खिडकीवर.

कामाच्या रकान्यानं आमच्या घरात सगळ्यांनाच चकवलं. आपण समजतो की माणूस नव्या गावात आला, कामाला लागला आणि कामावर भाषा शिकला. आमच्या घरात तसं झालं नाही. लूमच्या शेडमध्ये मालक तेलुगू, जॉबर तेलुगू, कांड्या भरणाऱ्या बायका तेलुगू. विडीच्या ब्रँचला बायका तेलुगू. किराणा दुकानदार तेलुगू. साखर पेठ, भद्रावती पेठ, दत्त नगर, अशोक चौक, एवढ्या परिसरात जन्म, लग्न आणि मार्कंडेयाचं देऊळ, सगळं भागायचं. शिवाय सोलापूर पडलं तीन भाषांचं, कानडी बोलणारेही तितकेच जुने. नानम्मा सोलापुरातच म्हातारी झाली आणि तिला मराठीवाचून कामावर कधी अडलं नाही.

अमेरिकेतल्या स्थलांतरितांवर लिहिणारे अभ्यासक तीन पिढ्यांचं गणित मांडतात: पहिली पिढी घरची भाषा बोलते, दुसरी दोन्ही बोलते, तिसरीला फक्त नव्या देशाची भाषा उरते. आमच्या तक्त्यात ते गणित बसत नाही. चौथ्या पिढीपर्यंत तेलुगू धडधाकट आहे, आणि मग माझ्यापाशी, कोथरूडच्या एका सोसायटीत, एकाच पिढीत ती घसरली. पिढी मोजू नका, गल्ली मोजा. म्हणून तक्त्यात प्रत्येकाच्या नावापुढं पत्ता लिहा. पूर्व भागात राहिलेल्या माझ्या भावाची मुलं तेलुगूत भांडतात. माझ्या मुलीला तेलुगूत भांडायला कुणी नाही.

पैसे मोजण्याचा रकाना गंमत म्हणून घातला होता, पण आता तो सगळ्यांना सुचवते. समोर नाण्यांचा ढीग ठेवा आणि मोजायला सांगा. ओठ हलतात ते बघा. आमच्याकडं नानम्मा तेलुगूत, बापूही तेलुगूत, पण मुंबईत मिलमध्ये काही वर्षं काढलेले मोठे काका मराठीत मोजतात, आणि मी शंभरापर्यंत मराठीत आणि त्यापुढं इंग्रजीत, कारण मोठे आकडे मला नोकरीनं शिकवले.

खिडकीचा रकाना

खिडकी म्हणजे रेशनची, दवाखान्याची, शाळेच्या कार्यालयाची, बँकेची, वीज मंडळाची. ज्या काउंटरपलीकडचा माणूस तेलुगू बोलत नाही असा प्रत्येक काउंटर. आमच्या लोकांना मराठी लागली ती इथं. प्रत्येक पिढीसाठी एवढंच लिहायचं: खिडकीवर कोण बोललं, आणि त्याबद्दल त्याला काय द्यावं लागलं.

आमच्या घराचा रकाना असा भरला. पणजोबांच्या वेळी मुकादम बोलायचा, आणि बोलण्याचं मोल तो कामातून वसूल करायचा. आजोबांच्या वेळी शेजारचे एक शिकलेले गृहस्थ अर्ज लिहून द्यायचे, चहापाणी घेऊन. बापूंनी स्वतः बोलायला सुरुवात केली. त्यांचं मराठी चांगलं होतं, पण लिंग चुकायचं. तेलुगूत वस्तूंना आपल्यासारखं पुल्लिंग-स्त्रीलिंग नसतं, त्यामुळं "माझा पासबुक हरवली" असं काहीतरी व्हायचं आणि पलीकडचा हसायचा. हसणाऱ्या माणसापुढं बापू दुसऱ्यांदा कधी जात नसत. मग मी.

मी सहावीत असल्यापासून आमच्या गल्लीची दुभाषी होते. नानम्माच्या छातीत दुखतंय हे डॉक्टरांना मी सांगितलंय, आणि डॉक्टर जे म्हणाले त्यातलं अर्धंच नानम्माला सांगितलंय, कारण उरलेलं सांगायची हिंमत झाली नाही. एका बँकेत अम्माची सही जुळत नव्हती तेव्हा साहेबांशी वाद घालणारी मीच, वेणीला रिबिनी बांधलेली. घराबाहेरच्या जगात आईबाप आपल्याकडं बघून थांबतात, हे मुलांना फार लवकर कळतं. काही मुलं त्यानं शहाणी होतात, काही उद्दाम होतात. मी दोन्ही झाले असेन.

म्हणून खिडकीबद्दल फक्त मोठ्यांना विचारू नका. आत्या, काका, चुलत भावंडं, जे तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते त्यांना विचारा: कुणासाठी बोललात? काय गाळलंत? अशा गोष्टी कुणी आपण होऊन सांगत नाही, पण विचारलं की बांध फुटतो. माझा चुलतभाऊ म्हणाला, "शाळेत बापूला बोलावलं होतं बे, मी नापास झालो म्हणून. दुभाषी मीच. मी सांगितलं, सर म्हणतायत पोरगा हुशार आहे." हे वाक्य तक्त्यात जसंच्या तसं आहे.

खिडकीवर घरचाच मोठा माणूस, कुणाला सोबत न घेता, पहिल्यांदा कधी उभा राहिला, ते वर्ष गोल करून ठेवा. आमच्याकडं ते वर्ष माझ्या दहावीच्या निकालापेक्षा मोठं आहे. आता मी पुण्यात कुठल्याही खिडकीवर एकटी उभी राहते. फक्त हल्ली खिडक्याच राहिलेल्या नाहीत, सगळं ऑनलाइन, आणि तो फॉर्म इंग्रजीत असला की मुलगी माझ्या हातातून फोन काढून घेते आणि म्हणते, "दे आई, मी भरते."

कागद कुठं सापडतात

ट्रंकेत, देव्हाऱ्यामागं, साड्यांच्या घडीत, आणि गणपती ठेवायच्या कपाटात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले कागद आधी मोकळे करून हवेशीर सावलीत ठेवा. लॅमिनेशन अजिबात नको. फोटो काढायचा तो दिवसाउजेडी, मागची बाजूसुद्धा. मागं कुणीतरी पेन्सिलीनं हिशोब लिहिलेला असतो आणि बऱ्याचदा तोच जास्त कामाचा.

सगळ्यात उपयोगी कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. महाराष्ट्रातल्या दाखल्यावर मातृभाषेचा रकाना असतो. एका घरातल्या भावंडांचे दाखले शेजारी ठेवून बघा. आमच्याकडं थोरल्या काकांच्या दाखल्यावर तेलुगू, धाकट्यांच्या दाखल्यावर मराठी. आई तीच. थोरले महापालिकेच्या तेलुगू माध्यमाच्या शाळेत गेले, धाकटे मराठी माध्यमात, आणि भरणाऱ्यानं माध्यम बघून रकाना भरला. खरं तर जनगणनेची व्याख्या सरळ आहे: लहानपणी आई मुलाशी जी भाषा बोलायची ती त्याची मातृभाषा, आई लवकर गेली असेल तर घरात बोलली जायची ती. त्या व्याख्येनं माझ्या मुलीची मातृभाषा काय, हे मला जरा अडचणीचं उत्तर आहे, कारण मी तिच्याशी मराठीतच बोलले. दाखला हरवला असेल तर शाळेत अर्ज करून जनरल रजिस्टरचा उतारा मागता येतो. मुख्याध्यापकांना भेटायला सकाळी जा, आणि वर्ष अंदाजे सांगू नका. मागची-पुढची दोन वर्षंही बघायची विनंती लेखी करा.

जात पडताळणीसाठी केलेली फाईल कुणाच्या घरी आहे ते शोधा. इतर मागास आणि आमच्यासारख्या विशेष मागास प्रवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. त्यामुळं एरवी फाडून टाकले गेले असते असे कागद, आजोबांचं मिलचं पगारपत्रक, पणजोबांच्या मृत्यूची नोंद, कुणाच्या तरी घरात नीट जपलेले असतात. सरकारनं छळलं खरं, पण आमचा इतिहास त्या छळामुळंच फाईलबंद झाला.

विडीचं कार्ड टाकून देऊ नका. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला, १९७६ मध्ये कल्याण निधीचाही कायदा झाला, आणि त्या निधीतून विडी कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. शिष्यवृत्तीच्या अर्जाला आईचं ओळखपत्र जोडावं लागतं. माझ्या फीचा एक भाग त्या कार्डावर आला. तक्त्यात माझ्या नावापुढं "बी. कॉम." लिहिलंय आणि त्याखाली बारीक अक्षरात अम्माचा कार्ड नंबर.

घराच्या कागदावर बाईचं नाव पहिल्यांदा कधी आलं, तेही शोधा. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं ती झाली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथली घरं दिली गेली. अत्तम्माचं घर तिथलं. तिच्या आधीच्या पिढ्यांतल्या एकाही बाईचं नाव कुठल्याही घराच्या कागदावर मला सापडलं नाही.

तिकडचं गाव शोधताना दोन अडचणी येतात. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज उर्दूत चालायचं, त्यामुळं तिकडचा जुना कागद उर्दूत असू शकतो. सोलापुरात उर्दू वाचणारे भरपूर आहेत, एखाद्या उर्दू शाळेतल्या निवृत्त शिक्षकांना नम्रपणे विचारा. दुसरं, तेलंगणानं ११ ऑक्टोबर २०१६ ला दहा जिल्ह्यांचे एकतीस केले आणि पुढं ते तेहतीस झाले. घरात सगळे "करीमनगर जिल्हा" म्हणत असले तरी तुमचं गाव आता सिरसिल्ला किंवा जगतियाल जिल्ह्यात असू शकतं.

आणि नावं. तेलुगूत घराणं आधी, नाव नंतर, आपल्याकडं उलटं. शाळेतल्या मास्तरांनी आपल्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. एकाच आडनावाची तीन-चार रूपं मिळाली तर ती वेगळी माणसं समजू नका. नानम्माचं नाव एका कागदावर नरसव्वा, दुसऱ्यावर नरसम्मा, आणि रेशन कार्डावर नरसाबाई. एका कोऱ्या पानावर अशी सगळी रूपं लिहा, कुठल्या कागदावर कुठलं ते पुढं लिहा, आणि ते पान फाईलच्या पहिल्याच खिशात ठेवा.

सहीचा रकाना कागदांवरूनच भरतो. अंगठा कुठं संपला आणि सही कुठं सुरू झाली, ती सही कुठल्या लिपीत. आमच्याकडं आजोबांचा अंगठा, बापूंची सही मराठीत, अम्माची सही आधी तेलुगूत आणि बँकेतल्या त्या वादानंतर मराठीत, माझी इंग्रजीत.

रेकॉर्डिंग आणि लेखन, थोडक्यात

फोनचा साधा रेकॉर्डर पुरतो. पंखा बंद, कुकर बंद. शेजारी लूम चालू असेल तर दुपारच्या जेवणाची सुट्टी साधा. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव स्वतः मोठ्यानं बोला. त्याच रात्री फाईलला नाव द्या, नाहीतर पुढं सगळंच "नवीन रेकॉर्डिंग" राहतं.

तेलुगू लिपी येत नसेल तर देवनागरीत लिहा, लाजायचं कारण नाही. फक्त एक काळजी घ्या: तेलुगूत ए आणि ओ ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. कॊडुकु म्हणजे मुलगा, त्यातला ऒ ऱ्हस्व. कोडलु म्हणजे सून, त्यातला ओ दीर्घ. देवनागरीत ऱ्हस्वासाठी ऎ आणि ऒ ही अक्षरं आहेत, फोनच्या कीबोर्डवर ए-ओ दाबून धरून बघा. च आणि ज चं मात्र टेन्शन नाही. चोरातला च आणि चहातला च हा फरक तेलुगूतही आहे, त्यामुळं आपल्या लोकांना तो उपजतच येतो.

लहान मुलांना यात ओढायचं असेल तर "तेलुगू शीक" म्हणू नका. मुलीला मी पाच प्रश्न तेलुगूत पाठ करून दिले आणि अत्तम्मापुढं बसवलं. विचारायचं तिनं, उत्तर समजलं नाही तर तिनंच परत विचारायचं, मी मध्ये पडणार नाही. अत्तम्मा इतकी खूष झाली की नाण्यांपासून नवऱ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. त्यातलं काही दहावीतल्या मुलीनं ऐकावं असं नव्हतं, पण ठीक आहे.

काय लिहायचं नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. दारू, कर्ज, मोडलेली लग्नं निघणारच. माझा नियम असा: सांगणाऱ्याला शेवटी विचारते, "हे कागदावर ठेवू का?" नाही म्हटलं तर रेकॉर्डिंगमधूनही काढते. पण कुणाच्या विड्यांच्या पैशावर कोण शिकलं, हे मात्र कितीही नाकं मुरडली तरी गाळत नाही.

हीच पद्धत उलट दिशेनंही चालते. बडोद्याला, इंदूरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं, न्यू जर्सीतली घरं, भिवंडीतली उत्तर प्रदेशातून आलेली घरं, रकाने तेच ठेवा. खुंटे तेवढे तुमच्या गावचे घ्या. परदेशातल्यांनी खिडकीच्या रकान्यात विमानतळ आणि व्हिसा कार्यालय घालावं.

तक्ता झाला की मोठ्या अक्षरात छापा आणि नारळी पौर्णिमेला सोलापूरला घेऊन जा. त्या दिवशी मार्कंडेयाचा रथ निघतो, पुण्या-मुंबईची, भिवंडीची सगळी पाव्हणी पूर्व भागात आलेली असतात. जेवणं उरकली की तक्ता सतरंजीवर पसरा, पेन्सिली ठेवा आणि बाजूला व्हा. कुणीतरी म्हणणारच की सगळ्यांना सोलापूरला तुझ्या नाही, माझ्या पणजोबानं आणलं. दोन्ही बाजू लिहून घ्या, बोलणाऱ्याच्या नावासकट. पेन्सिलीनंच.